बघायची पाळी

१

बदकांचा हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी गिड्रींच्या घरात नाव सजवली जाते. सजवायची म्हणजे खरं तर नाहीशी करायची. अॅल्युमिनियमच्या चपट्या नावेवर आधी चिखल फासायचा, म्हणजे पत्रा चमकत नाही. मग दोन्ही अंगांना नळ्यांचा सांगाडा उभा करायचा, त्यावर जुनं मासे धरायचं जाळं ताणायचं आणि जाळ्यात बोरूच्या वाळक्या पेंढ्या एकीला एक खेटून बांधत जायचं. शेवटी आत बसणाऱ्या प्रत्येकासमोर एक गवताची झडप. बदकं टप्प्यात आली की झडप पाडून उठायचं. तोवर नाव म्हणजे बोरूचं एक बेट आणि आतली माणसं म्हणजे कुणीच नाही.

कोरिन ही या घरची सून. तालुक्याच्या गावात वाढलेली, शाळेत परिचारिकेचं काम करणारी, आणि चिखलात पाय रुतला की अजूनही आधी बुटाचा विचार करणारी. लग्नाला सहा हिवाळे झाले तरी दक्षिण लुइझियानाच्या या दलदलीतल्या खांबांवरच्या लाकडी घरात, ज्याला सगळे नुसतं 'कॅम्प' म्हणत, ती पाहुण्यासारखीच वावरायची. पण नाव सजवायच्या दिवशी तिला एक मानाचं काम असे. ती बघणारीण होती.

काम सोपं होतं. नाव सजून बोरूत जाऊन बसली की बघणाऱ्याने छोटी होडी ढकलत उघड्या पाण्यातल्या मोडक्या खांबापाशी जायचं, वळायचं आणि बदकाच्या नजरेने किनारा शोधायचा. काही दिसलं तर ओरडायचं, "दिसतंय!" मग तिथे आणखी गवत. काहीच दिसलं नाही तर मोठ्याने म्हणायचं, "हरले!" तोवर आतल्या कुणी हलायचं नाही, खोकायचं नाही, मान वर करायची नाही. आणि जो आधी दिसला, बघायची पुढची पाळी त्याची.

कोरिनला आजवर एकदाही कुणी दिसलं नव्हतं. त्यामुळे पाळी तिचीच राहिली होती.

"तुझी काही यातून सुटका नाही, शा," सासरे अल्सिद दरवर्षी म्हणत. ते लाडात आले की सगळ्यांनाच 'शा' म्हणत, सुनेला, नातीला, बदकालासुद्धा. "अगं, मुलांचे डोळे तपासतेस ना तू शाळेत? त्या बिचाऱ्यांचं काय होत असेल!"

२

यंदा नाव नेहमीपेक्षा फारच छान झाली होती.

कॅम्पच्या खाली, खांबांच्या मधल्या सावलीत ती बांधलेली होती. कोरिन कॉफीचे पेले घेऊन पायऱ्या उतरली तेव्हा क्षणभर तिला वाटलं, नाव कुणी घेऊन गेलं. मग गवतामागून नवऱ्याची, ब्लेनची, टोपी वर आली.

"बघ! इथे चार हातांवर असून दिसली नाही तुला."

"दिसली की."

"खोटं बोलू नकोस, कान लाल झालेत तुझे."

तिने पेले ठेवले आणि गवताला हात लावला. बोरू यंदाचा नव्हता. ताजा कापलेला बोरू पिवळा असतो, दोन-तीन आठवडे उन्हात ठेवला तर गव्हाळ होतो. हा राखाडी होता, पावसापाण्याने मुरलेला, दलदलीच्या कडेच्या बोरूच्या रंगात रंग. आणि अल्सिद पेंढ्या बांधायला काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरत. या पेंढ्या डांबरात बुडवलेल्या सुतळीने बांधलेल्या होत्या. गाठी बारीक होत्या, एकसारख्या, घट्ट. सुतळी बोटाला घासली तरी बोटावर काहीच उतरलं नाही, इतकं ते डांबर जुनं होतं.

"पॉपॉ, हे गवत कुठून आणलं?" सासऱ्यांना नात पॉपॉ म्हणे, म्हणून तीही म्हणे.

अल्सिद पाठमोरेच होते. "कापलं."

"कधी?"

"कापलं तेव्हा." मग जरा वेळाने, गरज नसताना, "घरात सुतळी पडून होती जुनी."

अल्सिद गिड्री असं तुटक बोलणारा माणूस नव्हता. कोणता बोरू कुठून तोडला, कोयता किती चालवला, मधमाशी कुठे चावली, हे ते तुम्ही न विचारता जेवण होईपर्यंत सांगत. कोरिनच्या मनात ते खटकलं. पण मनात खटकणं ही तिची जुनीच सवय. आपल्या मनाला कुठल्याही गोष्टीचा खडा टोचतो, हे तिला माहीत होतं, आणि सगळ्या गिड्रींनाही माहीत होतं.

कारण केकचं टेबल.

दिराच्या लग्नात मुलगी, मार्गो, दिसेना म्हणून कोरिनने बँड थांबवला होता. नवरी रडली. पोलीस आले, गावातले लोक चांगल्या कपड्यांनिशी कालव्यात उतरले, आणि मार्गो केकच्या टेबलाखाली, खाली लोळणाऱ्या चादरीमागे, तोंडाला साखर लावून झोपलेली सापडली. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. त्याऐवजी ते हसले, आणि तेव्हापासून हसतच होते. घरात चष्मा सापडेना, किल्ली सापडेना, की कुणीतरी म्हणणारच, "केकच्या टेबलाखाली बघा!"

३

त्या दुपारी मार्गो पहिल्यांदाच पुरुषांच्या नावेत बसणार होती. पाच वर्षांची झाली म्हणून अल्सिदनी तिला कबूल केलं होतं. मधल्या बाकावर ती, पुढे आजोबा, मागे मोटरपाशी ब्लेन. ब्लेनने तिला उचलून आत ठेवलेलं कोरिनने स्वतः पाहिलं. मग ती आपल्या होडीची दोरी सोडण्यात गुंतली, कारण ती गाठ तिला दरवेळी दगा द्यायची.

नाव पुढे गेली. कोरिन काठीने होडी रेटत मागून निघाली. मोडक्या खांबाला होडी टेकवली आणि ती वळली.

वारा नव्हता. समोर बोरूचा राखाडी पट्टा, त्याखाली त्याचंच पाण्यातलं राखाडी. तिने डावीकडून सुरुवात केली, शाळेत मुलांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावतात तशी, ओळीने. काही नाही. कुठेही काही नाही. नाव खरंच नाहीशी झाली होती.

आणि मग तिला तोंड दिसलं.

शिकाऱ्याला सगळ्यात आधी उघडं पाडतं ते त्याचं तोंड. कपडे मळके असतात, टोपी मळकी असते, पण वर उचललेलं तोंड पाण्यावरून बशीसारखं पांढरं दिसतं आणि वरची बदकं वळून निघून जातात. म्हणून बोरूत पहिली आज्ञा एकच, तोंड खाली. आणि इथे, गवताच्या दोन पेंढ्यांच्या फटीत, लहान मुलाचं असावं इतक्या खाली, एक फिकट तोंड सरळ तिच्याकडे बघत होतं.

कोरिनला हसूच आलं. सहा हिवाळ्यांनी अखेर कुणीतरी दिसलं, आणि तेही पोटची पोर.

"मार्गो!" ती ओरडली. "तोंड खाली, बाळा!"

तोंड हललं नाही.

"मार्गो, दिसतेयस तू! खाली बघ!"

तिच्या मागे, होडीच्या टोकाला, ताडपत्री खुदकन हसली.

कोरिन वळली नाही. वळायची गरज नव्हती, ते हसू तिला झोपेतही ओळखता आलं असतं. तिने एक हात मागे नेला. ताडपत्रीखालचं ऊबदार डोकं तिच्या तळव्याला लागलं.

"मी मघाशीच तुझ्याकडे आले," मार्गो कुजबुजली. "पप्पाला कळलंच नाही. मला गवताचा वास नाही आवडला."

समोरचं तोंड तसंच होतं. बगळा असेल, कोरिनने स्वतःला सांगितलं. बगळा बसतो असा. किंवा ब्लीचचा डबा. जुने लोक ब्लीचच्या रिकाम्या डब्यांना रंग देऊन थवा भुलवायला त्यांची खोटी बदकं करत, दलदलीत अजून सापडतात. डब्याला गोलाई असते, पांढरेपणा असतो. डब्यावर सावली पडली की डोळ्यांसारखं दिसूही शकतं.

"अगं ए!" बोरूतून अल्सिदचा आवाज आला. "दिसतं का काही?"

तिने तोंड उघडलं. काय सांगायचं? तुमच्यामध्ये कुणीतरी बसलंय? तिच्या डोळ्यांसमोर रात्रीचं जेवणाचं टेबल उभं राहिलं, ब्लेन हातातला चमचा वर धरून, सासूबाई हसू लपवायला पदरासारखा टॉवेल तोंडाशी घेऊन. केकच्या टेबलाखाली बघितलंस का, शा?

शाळेत ज्या मुलांना अक्षरं दिसत नाहीत ती लाजेने दिसतात म्हणतात, पुढच्या पोराने काय वाचलं ते पाठ करून येतात. कोरिनला त्यांची नेहमी दया यायची. तिने आता उलटं केलं.

"नाही!" ती ओरडली. "हरले!"

झडपा पडल्या. पुढून अल्सिद आरोळी ठोकत उठले, मागून ब्लेन उठला. मधली झडपही पडली. तिच्यामागे कुणी नव्हतं. नाव मात्र हेलकावली, एकीकडे, मग दुसरीकडे, आणि मग, दोघंही पुरुष स्थिर उभे असताना, आणखी एकदा.

"मार्गो कुठाय?" ब्लेनने विचारलं.

"इथे!" ताडपत्रीखालून मार्गो उठली. हशा झाला. अल्सिद मात्र हसले नाहीत. त्यांचा हात पाठीमागे, कमरेच्या जरा वर गेला, आणि तिथे सदरा ओला झालाय का हे बघावं तसा चाचपडून परत आला.

४

रात्रीच्या जेवणाला गंबो होता, सॉसेजचा दाट रस्सा, भातावर घ्यायचा. सासूबाई, मिस ऊला, भाताचा डोंगर करून मध्ये खळगा पाडत आणि त्यात सॉसेजचे तुकडे असे घालत की प्रत्येकाला सारखे मिळावेत.

"तू कुणाला तोंड खाली करायला सांगत होतीस गं?" ब्लेनने विचारलं.

"तुलाच."

"माझं नाव मार्गो आहे?"

"अरे, ती तोंड बघून नाव ठरवत असेल," मिस ऊला म्हणाल्या, आणि मार्गो इतकी हसली की तिच्या नाकातून भात आला. कोरिननेही हसून घेतलं. मान खाली घालून, ताटात बघत. मान खाली घातली की लोक लवकर दुसऱ्या विषयावर जातात, हे ती या घरात शिकली होती.

"मी म्हणत होते," ती ताटाकडे बघतच म्हणाली, "उद्या मार्गोला नको न्यायला."

"का?"

कोरिनने चमच्याने भातातला खळगा बुजवला. "थंडी आहे."

"थंडी!" ब्लेन म्हणाला. "आज बिनबाहीचे कपडे घालून फिरत होतीस."

"आवाज फार होतो बंदुकीचा."

"त्यासाठी कानावरचे टोप आणलेत ना, तूच आणलेस, गुलाबी."

मार्गोचा ओठ थरथरायला लागला. पॉपॉने कबूल केलंय, सगळ्या वर्गाला सांगितलंय, टीचरला सांगितलंय. कोरिनने मदतीसाठी सासऱ्यांकडे पाहिलं. ते ताटाकडे बघत होते, आणि त्यांचीही मान तशीच खाली होती. तिला ते विचित्र वाटलं. त्या माणसाला खाली बघून जेवताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

"नेऊ की," ते अखेर म्हणाले. "कबूल केलंय तर."

जेवणानंतर ती भांडी पुसत उभी राहिली. कॅम्पच्या जमिनीच्या फळ्यांमध्ये बोट जाईल अशा फटी होत्या. खाली काळं पाणी, आणि पाण्यावर बांधलेली नाव. दिवा वर होता म्हणून खालचं काही दिसत नव्हतं. पण ऐकू येत होतं. गवत वाऱ्याने वाजतं तेव्हा ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाजत जातं. हे एकाच जागी वाजलं, मध्यावर, दाबून, जसं कुणी बाकावर बसताना पेंढीला टेकावं. मग थांबलं. मग जरा सरकून, नीट बसल्यासारखं, पुन्हा.

"उंदीर," मिस ऊला म्हणाल्या. "दरवर्षी येतात गवतात."

"हो," कोरिन म्हणाली, आणि पुसलेलंच ताट पुन्हा पुसत राहिली.

५

पहाटे ते निघाले तेव्हा गुलाबी टोप ओट्यावरच राहिले.

ते मार्गो विसरली, की कोरिनने कॉफीच्या डब्यामागे सरकवून ठेवले म्हणून राहिले, याची तिने स्वतःशीही नीट चौकशी केली नाही. "अगंबाई, कानाचं राहिलं!" ती मिस ऊलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "मी देऊन येते."

"उजाडतंय. आता जाऊ नकोस, बदकं बिचकतील. दोघं चिडतील."

"कानांचा प्रश्न आहे, मिस ऊला."

त्यावर त्या दारातून बाजूला झाल्या. कोरिन मनात म्हणाली, निदान परिचारिका असण्याचा हा एक फायदा.

पाण्यावर धुकं होतं, गुडघ्याएवढं. आजूबाजूच्या बोरूत दुसरीही कुटुंबं दबा धरून बसली होती. ती दिसत नव्हती, पण पाण्यावरून कुणाची तरी दबकी शिंक आली, कुणाचं तरी झाकण वाजलं. सगळी दलदल श्वास रोखून होती आणि त्यातून ती एकटीच बाई काठीने होडी रेटत चालली होती. तिचे कान तापले. मोडक्या खांबापाशी आल्यावर तिने होडी टेकवली आणि सवयीने वळून बघितलं.

वर बदकांचा थवा आला होता. हंगामातला पहिला. पंखांचा तो कापड फाटल्यासारखा आवाज करत त्याने एक मोठी घिरटी घातली, खाली आला, आणखी खाली आला.

बोरूत काहीच दिसत नव्हतं. ब्लेन नाही, अल्सिद नाहीत, मार्गो नाही. सगळ्यांची तोंडं खाली होती.

ते एक सोडून.

कालच्याच जागी. फक्त आज ते तिच्याकडे बघत नव्हतं. ते बाजूला वळलं होतं आणि खाली, अगदी जवळ, मधल्या बाकावर जे काही बसलं असेल त्याच्याकडे बघत होतं, झोपलेल्या मुलाकडे वाकून बघावं तसं. मग गवताची एक काडी हलली, आणि त्याच्या शेजारी तिला मार्गोच्या लाल टोपीचा गोंडा दिसला. दोघांमध्ये तळहाताएवढंसुद्धा अंतर नव्हतं.

डबा आहे, कोरिनचं डोकं म्हणालं. ब्लीचचा डबा. डबा वळत नाही, तिचंच डोकं म्हणालं. थवा आता पाण्याला टेकत होता. आता ओरडलीस तर, डोकं म्हणालं, फक्त गिड्री नाही, सगळी दलदल ऐकेल. तू मरेपर्यंत ऐकवतील. मार्गोच्या लग्नात ऐकवतील.

"दिसतंय!" कोरिन ओरडली.

तिचा आवाज फाटला. थवा उसळला, वळला, दिसेनासा झाला. चहूबाजूंनी बोरूतून शिव्या आल्या, कुणीतरी ओरडलं, "कुणाची गं बाई आहेस तू!" तिने ऐकलं आणि ती पुन्हा ओरडली, सरळ त्या फटीकडे बोट करून.

"दिसतंस तू! तू! मी बघितलं तुला!"

झडपा पडल्या. ब्लेन उठला, लालबुंद. अल्सिद उठले. मार्गो उठली, टोपी डोळ्यांवर आलेली. तिघं. आणि त्या तिघांच्या मधे ते फिकट तोंड हळूहळू खाली गेलं. घाबरून नव्हे. चार माणसांत कुणीतरी आपल्याला टोचून बोलावं आणि आपण ताटाकडे बघत राहावं, तसं. ही मान खाली घालायची रीत कोरिनला आतून पाठ होती.

मग फटीत नुसतं गवत होतं.

६

तिने होडी नावेला भिडवली. ब्लेन बोलायला लागला होता. "पहिला थवा! हंगामाचा पहिला थवा, कोरिन! काय दिसलं तुला, काय दिसलं सांग तरी—"

"गप बस," अल्सिद म्हणाले.

त्यांनी मार्गोला काखेत धरून उचललं आणि कोरिनच्या हातात दिलं. मग स्वतः होडीत उतरले. मागे वळून न बघता त्यांनी हात लांब केला. "बंदुका दे. तूही ये."

"आणि नाव?"

"राहू दे."

या पाण्यात कुणी नाव सोडून येत नाही. ब्लेनने बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि बंदुका दिल्या.

चौघांच्या वजनाने होडी पाण्याबरोबर आली. अल्सिद काठी मारत होते. 

"ते गवत मी कापलं नाही," ते म्हणाले. कोरिनकडे न बघता. "मागच्या तळ्यापलीकडे एक जुनी नाव आहे. बोरूत लपवलेली. कुणाची, माहीत नाही. सांगाडा, गवत, सगळं जागच्या जागी, इतकं सुंदर बांधलेलं... दुसऱ्याच्या नावेचं गवत काढायचं नसतं. माझ्या बापाने मला त्यावरून फोडलं असतं. पण रंग बघितला आणि मोह झाला."

"मग काय झालं?" ब्लेन म्हणाला. "वर्षानुवर्षं पडलेली नाव. कोण बसलंय त्यात?"

अल्सिदनी काठी चिखलात रोवली. मग म्हणाले, "काल माझ्या पाठीला कुणीतरी टेकलं होतं. सगळा वेळ. मला वाटलं, मार्गोला थंडी वाजतेय. मी म्हटलंसुद्धा, टेक, शा, टेक. मग ती तुझ्या होडीतून उठली." त्यांनी काठी उपसली. "म्हाताऱ्याने काय सांगायचं होतं? आणि आज तिला तिथेच बसवलं मी. लाज वाटली सांगायची."

कोरिनने त्यांच्याकडे पाहिलं. सहा हिवाळ्यांत पहिल्यांदा तिला या माणसाचा आधार वाटला, आणि त्या आधारानेच तिने मार्गोला आणखी घट्ट धरलं. तिला आतापर्यंत एक आशा होती की आपल्यालाच वेड लागलंय.

तिच्या डोळ्यांसमोर ती दुसरी नाव आली, तळ्यापलीकडची, सुरेख गाठींची. कुणीतरी आत मान खाली घालून बसलेलं. आणि बाहेर खांबापाशी कुणीतरी, ज्याने 'दिसतंय' म्हटलं नाही, 'हरले'ही म्हटलं नाही, आणि नुसतं घरी निघून गेलं.

"पॉपॉ," मार्गो म्हणाली. ती कोरिनच्या मांडीवर होती, गुलाबी टोप गळ्यात. "मम्मा जिंकली ना? मम्माला दिसलं ना कुणीतरी?"

अल्सिद काठी मारत राहिले.

"मग मम्माची पाळी संपली," मार्गो म्हणाली. "जो दिसला, आता बघायची पाळी त्याची."

काठी पाण्यात अर्धवट थांबली. कॅम्प अजून लांब होता. धुकं विरत चाललं होतं, उजेड वाढत होता, आणि होडी उघड्या पाण्याच्या बरोब्बर मध्यावर होती, चमकत्या पत्र्याची, एक काडीही गवत नसलेली. मागे, राखाडी बोरूत, वारा नसताना एका जागी गवत वाजलं. कुणीतरी बराच वेळ बसून उठावं तसं.

"तोंडं खाली," अल्सिद हळूच म्हणाले.

ब्लेन हसला नाही. त्याने टोपी पुढे ओढली आणि मान खाली घातली. अल्सिदनी काठी आडवी ठेवली आणि मान खाली घातली. कोरिनने मार्गोचं डोकं आपल्या कोटात दाबलं, त्यावर आपला चेहरा टेकवला आणि डोळे मिटले. होडी आपोआप फिरत राहिली.

"मम्मा," कोटाच्या आतून मार्गो कुजबुजली, "मी दिसतेय का गं?"

कोरिन काही बोलली नाही. ते आता तिने सांगायचं नव्हतं.